मी आपोआप फुटले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, उष्ट्या थाळ्या धुणारी. सुरतेच्या उधना भागात रंजनाताईंची खानावळ आहे, तिच्या मागच्या खोलीत मी उभी असते. माझं झाकण खाली ओढलं की पोटात गरम पाण्याचे फवारे सुटतात आणि दोन मिनिटांत अठरा थाळ्या लख्ख होतात. माझ्या अंगावर अकरा पोचे आहेत. ते कसे पडले, ते तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट मारहाणीची आहे आणि मी ती मऊ करून सांगणार नाही.

माझा जन्मच ठोकाठोकीतून झाला. जाड पोलादी पत्रा कापला, दाबाखाली वाकवला, ठिणग्या उडवत जोडला, आणि कोपरे हातोड्यानं बसवले. "मारल्याशिवाय आकार येत नाही," असं तिथला मिस्त्री म्हणायचा. पत्र्याच्या बाबतीत त्याचं बरोबर होतं. पण पुढे मला असा एक माणूस भेटला, ज्याला माणसांच्या बाबतीतही ते बरोबर वाटत होतं.

सुरुवातीची वर्षं मी एका मोठ्या हॉटेलात काढली. ते बंद पडलं, तेव्हा रंजनाताईंनी मला आणलं. त्या मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा वारल्यावर खानावळ त्यांनी एकटीनं चालवली. कापड विणणाऱ्या लूमवर काम करणारे दोनशे लोक दुपारी तिथे जेवायचे. त्यांच्या थाळ्या कलाबाई घासायची. सोड्यानं तिची बोटं इतकी खाल्ली होती की भाकरी मोडताना त्यांतून रक्त यायचं. मी आले आणि महिन्याभरात तिच्या हातांवर नवी कातडी धरली. येता-जाता ती माझ्या झाकणावरून फडकं फिरवायची. एवढी माया मला हॉटेलात कधी मिळाली नव्हती.

खानावळीत आणखी एक जण होता. रंजनाताईंचा दीर, वाल्मिक. लूमचं काम सुटल्यापासून तो पुढे बसून जेवणाऱ्यांवर देखरेख करायचा. एकदा कलाबाईच्या हातून थाळ्यांची चळत पडली. वाल्मिक आत आला आणि त्यानं तिच्या कानाखाली मारली. ती माझ्यावर आदळली. रंजनाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ," आणि वळून पोळ्यांकडे गेल्या. वाल्मिकला तेवढ्यानं कळलं की इथे चालतं. नंतर त्यानं तिला कितीदा मारलं, ते मी मोजलं नाही.

वर्षं गेली तशी मी थकले. पंपातून पाणी गळू लागलं. झाकणाची स्प्रिंग तुटली, ते वर धरून ठेवावं लागायचं. कधी भर गर्दीत मी बंद पडायचे आणि थाळ्या मिळेनात म्हणून लोक टेबलं बडवायचे. वाल्मिक म्हणाला, "वहिनी, हाई डबडं भंगारमां टाक. नवी मशीन लई ये. मंग कलाबाईबी नको अन् तिनी किरकिरबी नको."

रंजनाताईंनी प्रज्ञेशला बोलावलं. हा भुसावळच्या रेल्वेवाल्या घरातला मेकॅनिक, कमी बोलणारा. त्यानं मला सगळीकडून उघडून पाहिलं.

"ताई, एवढा जाड पत्रा आता कोणी लावत नाही. पंपाचं सील गेलंय आणि स्प्रिंग तुटलीय. दोन्ही बदलली तर अजून दहा वर्षं कुठं जात नाही ही."

"आणि नवी?"

"नवी दिसायला छान आहे. पण सामान मागवू की नवी घ्यायची, ते तुम्ही ठरवा. सामान यायला आठ दिवस लागतील."

ताईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मागव."

वाल्मिक ते ऐकत होता. आपला शब्द एका मेकॅनिकसमोर खाली पडला, हे त्याला लागलं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, ऐन जेवणाच्या वेळी माझा पंप अडकला. बाहेर आरडाओरडा सुरू झाला. वाल्मिक शटर ओढायची लोखंडी सळई घेऊन आत आला आणि मला मारू लागला. बटणं फुटली. काच फुटली. प्रत्येक घावासरशी तो दात खाऊन म्हणत होता, "डबडं! डबडं!" बाहेरचा गलका थांबला. सगळे ऐकत होते.

कलाबाई मध्ये शिरली. तिनं सळई धरली.

"माले मारनं तं मार, पन मशीनले मारू नको!"

त्यानं सळई हिसकली आणि तिच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकं लाकूड मोडावं तसा. रंजनाताई धावत आल्या, हातात तळणाचा झारा होता, तो त्यांनी त्याच्या खांद्यावर मारला. त्यानं त्यांचे केस धरले आणि कपाळ माझ्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त माझ्या झाकणावरून खाली उतरलं. मग त्यानं पुन्हा सळई उगारली. ताई बाजूला सरकल्या आणि घाव माझ्या मागच्या नळीवर बसला.

माझा पंप बंद होता, पण टाकीतलं पाणी तापलेलंच होतं. ते उसळून वाल्मिकच्या मांड्यांवर गेलं आणि जमिनीवर पडलेल्या कलाबाईच्या पावलावरही गेलं. मित्रांनो, माझं पाणी आपलं-परकं ओळखत नाही. त्या पावलाचं दुःख मला अजून आहे.

वाल्मिक किंचाळत खाली पडला, तेव्हा कुठे चार जण आत आले आणि त्यांनी त्याला धरलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची चौकशी होणार होती. त्याआधी सकाळी ताईंच्या सासूबाई काशीबाई आल्या. त्या रडत होत्या.

"रंजना, मशीन जुनी व्हती, फुटी गई, अशे सांग. मना पोऱ्या जेलमां जाई."

भंगारवाल्याला त्यांनी आधीच निरोप दिला होता. त्याचा टेम्पो दारात उभा होता. मी गेले असते म्हणजे माझ्यावरचे घावही गेले असते. नवी चकचकीत मशीन आली असती आणि उरला असता फक्त एक अपघात. कलाबाई गळ्यात बांधलेला हात सांभाळत पायरीवर बसली होती. 

फौजदार आले. त्यांनी जेवणाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, "आम्ही जेवत होतो साहेब." दुसऱ्यानं मान खाली घातली. प्रज्ञेश मात्र पुढे झाला. मला वळवून त्यानं मागची तुटलेली नळी दाखवली. दाबानं फुटली असती तर कड बाहेर वळली असती. ही आत चेपली होती.

फौजदारांनी रंजनाताईंकडे पाहिलं. "बेन, आ मशीन पोतानी मेळे फाट्युं, के कोईए फोड्युं?" मी आपोआप फुटले की मला कोणी फोडलं, असं ते विचारत होते.

ताईंनी कपाळाच्या टाक्यांना हात लावला. काशीबाईंनी त्यांचा पदर धरला होता. तो त्यांनी हळूच सोडवला.

"मारा दियरे फोड्युं," त्या म्हणाल्या. "कलाबाईनो हाथ पण एणे ज तोड्यो. अने पहेलां पण मारतो हतो. हुं जोती हती. हुं चूप रही." दिरानंच मला फोडलं, कलाबाईचा हातही त्यानंच मोडला, तो आधीही मारायचा आणि आपण पाहून गप्प राहिलो, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

वाल्मिकवर गुन्हा दाखल झाला. काशीबाईंनी ताईंशी बोलणं सोडलं, ते आजही सुटलेलंच आहे. टेम्पो रिकामा परत गेला.

मंगळवारी सामान आलं. प्रज्ञेशनं पंपाचं सील बसवलं, नळी बदलली, स्प्रिंग लावली. मग पोचे सरळ करायला हातोडा उचलला. पहिला ठोका पडला आणि बाहेर भाजी निवडत बसलेली कलाबाई ओरडून उठली, चांगल्या हातानं डोकं झाकून भिंतीशी जाऊन बसली. प्रज्ञेशनं हातोडा खाली ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू अडली तर आधी जाणत्या माणसाला दाखवा. बरेचदा एखादं सील, एखादी स्प्रिंग एवढंच काम असतं. आणि तुमच्यासमोर कोणी कोणाला मारलं, तर पहिल्याच थपडेला बोला. मी सगळं पाहत होते, पण मला तोंड नाही. त्या खानावळीत जेवायला बसलेल्या माणसांना तोंड होतं, तुम्हालाही आहे.