सीटकव्हरातलं पुस्तक

"लुंबिनी, ही दिल्ली आहे! इथे रॉकेटसुद्धा सुटं मिळेल. पुस्तक शिवायचं सामान म्हणजे काय, चहा होईपर्यंत घेऊन येतो," असं म्हणून माझा नवरा लक्ष्मीबाई नगरातून निघाला. विनय मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर आहे. जगातली कुठलीही वस्तू मागवली की येते, असा त्याचा समज आहे.

अंधार पडल्यावर तो परतला. हातात एक अवजड स्टेपलर आणि आहेराचा चकचकीत कागद.

"हे काय?"

"यार, दोरा मागितला की पतंगाचा मांजा दाखवतात. बाकीचे म्हणतात, स्पायरल करवा लो."

पुस्तक सासूबाईंचं होतं. कौसल्याबाईंनी जन्मभर गाणी रचली, यवतमाळपासून दिल्लीपर्यंतच्या विहारांत गायली, पण छापली कोणी नाहीत. एका प्रतीसाठी प्रेसवाले दारात उभं करेनात. "माझी गाणी माझ्यासोबतच जाणार," असं त्या सहज बोलून गेल्या आणि विनयला ते लागलं. रविवारी त्यांचा ऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी पुस्तक त्यांच्या हातात पडायलाच हवं होतं. गाणी आम्ही गुपचूप टाइप करून घरच्या प्रिंटरवर काढली होती. अडलं होतं ते शिवण्यापाशी.

शुक्रवारी विनयने हात टेकले. "स्पायरलच करू, चलो."

"आधी गाडीची फाटलेली सीट शिवून आणू," म्हणत मी त्याला करोल बागेत ओढत नेलं.

सीटकव्हरच्या दुकानात कारागीर हे एवढं मोठं दाभण घेऊन बसला होता. शेजारी मेण चोळलेला दोरा, लाल रेक्झीन, गाडीच्या दाराआत लावतात तो जाड पुठ्ठा. विनय दुकानातच ओरडला, "मिल गया!"

"कौन सी गाड़ी है?" दुकानदाराने विचारलं.

"गाड़ी नहीं, किताब है."

तो जराही बिचकला नाही. "अच्छा. कितने सीटर?"

"सौ पन्ने."

"फिर फोम डलवा लो. लंबे सफ़र में आराम रहेगा."

फोम घेतला.

घरी विनयने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, मला हात लावू दिला नाही आणि जेवणाच्या टेबलावर पुस्तक शिवलं. उचलायला गेला तर टेबलक्लॉथही सोबत आला. तो कापला. मग फोमचं कव्हर चिकटवलं आणि वर गॅसचा भरलेला सिलिंडर ठेवला.

रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये ते लालभडक, गुबगुबीत पुस्तक आईंच्या हातात पडलं. त्यांनी ते छातीशी धरलं, नाकाला लावलं.

"विन्या, नव्या गाडीचा वास येतोय रे!" म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या. सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला.

"भाऊजी, माझ्या आईचंही करून द्या ना!" शेजारच्या सरलाताई गर्दीतून पुढे घुसल्या. त्यांच्यामागे आणखी चौघी.

"बिल्कुल! सीटर सांगा," विनय म्हणाला. त्याची मान त्या दिवशी कॉलरमध्ये मावत नव्हती.

मग प्रमुख पाहुणे पहिलं गाणं वाचायला माइकपाशी गेले.

सरकारी फायलीत नवा कागद नेहमी सगळ्यात वर लावतात. विनयने पुस्तकही तसंच लावलं होतं.

पाहुण्यांनी पहिलं पान उघडलं, "समाप्त" असं वाचलं, धन्यवाद म्हणाले आणि खाली बसले.