आभाराच्या ओळीतलं नाव

महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा काशीराम हाटे हा जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस होता. फळ्यावर पानाची आकृती काढता काढता त्याचा हात थांबे, नजर खिडकीबाहेर जाई, आणि मुलं एकमेकांकडे बघून समजून घेत, सर आता सवच्या कुंडात उतरले.

सवचे गरम पाण्याचे झरे गावापासून फार लांब नाहीत; होडीनं नदी ओलांडली की आलेच. लोक तिथं अंगाची खरूज आणि सांध्यांची दुखणी घेऊन जातात. काशीराम जाई तो कुंडाच्या कडेला साचणाऱ्या हिरव्या-निळ्या शेवाळासाठी. सकाळच्या गारव्यात पाण्यावर वाफ तरंगत असे, पलीकडचा काठ असूनही नसल्यासारखा वाटे, आणि त्या वाफेत त्याला एक छापील पान दिसे. पानावर सुबक अक्षरांत एकच नाव, का. रा. हाटे. हाट्यांच्या घरात त्याच्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. त्याचं स्वप्न लहान नव्हतं, आणि त्यात वाईटही काही नव्हतं.

त्याची बायको चंद्रभागा बी.एस्सी. झालेली. एम.एस्सी.ला मुंबईला जायचं तिच्या मनात होतं, पण लग्न झालं, सासूबाई आजारी पडल्या, आणि ते राहून गेलं. काशीरामबरोबर ती सवला जाऊ लागली. शेवाळाचे नमुने ती बाटल्यांत भरून आणी आणि रविवारी, प्राचार्यांच्या परवानगीनं, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची चित्रं काढी. एकदा बसली की तिला हाक ऐकू येत नसे. ती म्हणे, त्या गोल उजेडात डोळा लावला की आपण पाण्याखाली चालतोय असं वाटतं, आणि ते हिरवे धागे हळूच बाजूला होऊन वाट देतात.

काशीरामनं झऱ्यांतल्या शेवाळाच्या दोन जाती नोंदवल्या होत्या. एक सरळ, लांब धाग्यांची, पावसाळ्यात दिसणारी. दुसरी स्प्रिंगसारखी वळलेली, उन्हाळ्यातली. दोन वर्षं तो तेच धरून बसला होता. एका संध्याकाळी चंद्रभागेनं आपली सगळी चित्रं महिन्यांच्या क्रमानं जमिनीवर मांडली. ज्येष्ठातला घट्ट पीळ आषाढात सैल होत होता, श्रावणात नुसती लाट उरत होती, भाद्रपदात धागा सरळ होत होता. नदीचं पाणी झऱ्यात मिसळून ऊब उतरली की धागा उलगडत होता.

"अहो, या दोन जाती नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे. ऋतूप्रमाणं अंग बदलते."

काशीरामनं खाली बसून एकेक चित्र पुन्हा पाहिलं. मग आनंदानं त्यानं आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं आणि तिला काही कळत नसतानाही सगळं समजावून सांगितलं.

त्यानं निबंध लिहिला. पुण्याहून निघणाऱ्या एका नियतकालिकाकडे पाठवला, आणि तो परत आला. संपादकांनी लिहिलं होतं की निबंध फार लांब आहे, त्यात झऱ्यांचा इतिहास, पाण्याचे औषधी गुण आणि शेवाळ असे तीन विषय एकात एक गुंतले आहेत, नीट करून पुन्हा पाठवावा. काशीरामच्या मनाला ते फार लागलं. त्यानं कागद ट्रंकेत टाकले. आपल्यासारख्यांचं कोण छापतो, असं तो म्हणू लागला. वाचकहो, हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! आणि त्याबरोबर किती चांगली कामं ट्रंकेत जातात!

पुढच्या हिवाळ्यात सवला त्याची गाठ डॉ. हैबती जाधवांशी पडली. जाधवसर मूळचे पोलादपूरचे. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त होऊन ते गावी परतले होते. गुडघे शेकायला ते कुंडावर येत. जयभीम झाला, ओळख निघाली, आणि पाण्यात पाय सोडून दोघं बोलत बसले. काशीरामनं परत आलेल्या निबंधाची तक्रार सांगितली. सर हसले. म्हणाले, संपादकानं तुला हाकललेलं नाही, आत यायची वाट दाखवली आहे. शेरे आले की दोन दिवस बाजूला ठेवावेत, राग उतरू द्यावा, मग एकेक शेरा घेऊन त्याला शांतपणे उत्तर द्यावं. पटेल ते सुधारावं, पटणार नाही तिथं कारण द्यावं.

मग त्यांनी काशीरामला लिहिण्याची रीत सांगितली. एका निबंधात एकच गोष्ट सांगायची. आधी चित्रं आणि तक्ते मांडायचे, कारण काम तिथंच असतं. मग काय केलं ते लिहायचं, मग काय दिसलं ते, आणि त्याचा अर्थ त्यानंतर. सुरुवातीचा सारांश सगळ्यांत शेवटी लिहायचा. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळते तिथं वाचणाराही अडखळतो.

काशीरामनं तसंच केलं. निबंध तिसरा हिस्सा उरला आणि एकदम उजळला. पावसाळा लागल्यावर निबंध घेऊन तो एसटीनं पोलादपूरला सरांच्या घरी गेला. सरांनी ओटीवर बसून तो सावकाश वाचला. समोर कशेडीचा डोंगर धुक्यात अर्धा विरघळला होता. मधेच एखादा ट्रक घाटात चढताना ऐकू येई, दिसत मात्र नसे.

"उत्तम झालाय," सर म्हणाले. "ही एकच जात आहे, हे तुझ्या कधी लक्षात आलं?"

काशीरामनं भरभरून सांगितलं. ती संध्याकाळ, जमिनीवरची चित्रं, चंद्रभागेचं ते वाक्य. सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. सर ऐकत होते. त्याचं संपल्यावर त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, आकृत्या काढण्यात सहकार्य केल्याबद्दल लेखक आपल्या पत्नीचा आभारी आहे.

"आभार कुणाचे मानायचे, काशीराम? ज्यानं होडीतून पलीकडे नेलं त्याचे. ज्यानं सूक्ष्मदर्शक वापरू दिला त्याचे. इथं नमुने तिनं आणले, चित्रं तिची, आणि विचारही तिचा. तिचे नुसते आभार मानलेस, म्हणजे शोध माझा आणि मदत तिची, असं तू जगाला सांगतोस. आणि या ओळीत तर तिचं नावसुद्धा नाही."

काशीराम गोंधळला. तो म्हणाला की घरचंच माणूस आहे, तिनं कधी मागितलं नाही. शिवाय पीएच.डी.च्या नोंदणीसाठी त्याला स्वतःच्या नावाचा निबंध हवा होता. विभागप्रमुखांनी बजावलं होतं की बायकोचं नाव घातलंस तर लोक हसतील.

सरांनी कागद मिटून मांडीवर ठेवले. मग त्यांनी स्वतःची हकिकत सांगितली. तरुणपणी मुंबईत एका मोठ्या प्राध्यापकाकडे त्यांनी तीन वर्षं काम केलं. निबंध छापून आला तेव्हा त्यांचं नाव शेवटी, नमुने गोळा करणारा मदतनीस म्हणून, आभारात होतं. आणि तेही चुकीचं छापलेलं.

"मीही मागितलं नव्हतं," ते म्हणाले. "मागायची सवय नसलेल्या माणसाचं नाव गाळणं फार सोपं असतं." त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "हा घाट फोडणाऱ्यांत माझा बाप होता. घाटात कुठं त्याचं नाव आहे? ते लिहिणं आपल्या हातात नव्हतं. हे तुझ्या हातात आहे. आणि जिचा विचार, तिचं नाव आधी."

परतीच्या एसटीत काशीराम खिडकीशी बसला. काचेवर धुकं होतं. त्याला ते नेहमीचं छापील पान दिसलं, पण त्यावरचं नाव वाचता येईना. बायकोचं नाव आपल्या नावाशेजारी लिहायला त्याचं मन लगेच तयार झालं होतं. पण आधी? आपलं नाव दुसरं? इतकी वर्षं पाहिलेलं स्वप्न असं एका ओळीनं खाली उतरणार? महाड येईपर्यंत तो स्वतःशी झगडत होता. आपल्याला कुणी मदतनीस म्हटलं असतं तर काय वाटलं असतं, या एका प्रश्नापाशी तो पुन्हा पुन्हा येऊन थांबत होता. स्टँडवर उतरला तेव्हा त्याचं मन हलकं झालं होतं.

घरी चंद्रभागा भाकऱ्या करत होती. तो उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला, "निबंधावर तुझं नाव कसं लिहू?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली की उगाच कशाला, लोक काय म्हणतील, तुमच्या नोंदणीचं काय होईल. त्यानं सगळ्याला उत्तर दिलं.  तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पूर्ण लिहा," अखेर ती म्हणाली. "चंद्रभागा. नुसता चं नको."

विभागप्रमुख हसलेच. काशीरामची नोंदणी वर्षभर लांबली. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. संपादकांचे शेरे पुन्हा आले, दोघांनी शेजारी बसून एकेकाचं उत्तर लिहिलं. दोन ठिकाणी चंद्रभागेनं संपादकांचं म्हणणं नम्रपणे नाकारलं, आणि ते त्यांनी मान्य केलं.

अंक आला तेव्हा काशीरामची आई, बयाबाई, दारात बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती.

"ह्यात माज्या सुनंचं नाव कुठं हाय रे?"

त्यानं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"आनि तुजं?"

"त्याच्यानंतर, आये."

"नंतर कसं? तू सर ना?"

"काम तिचं होतं."

म्हातारीनं बोट त्या ओळीवरून एकदा फिरवलं, जसं भिजल्या मातीवरून फिरवतात तसं. "मंग बराबर हाय," ती म्हणाली.

त्याच वर्षी चंद्रभागेनं मुंबईला एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. घरी बयाबाईला काशीराम सांभाळत होता. मुंबईत तिच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, सवच्या झऱ्यांवरच्या निबंधातल्या हाटे त्या तुमच्या कोण? ती म्हणाली, "मीच."

बंधुभगिनींनो, विज्ञान म्हणजे खरं सांगण्याची सवय. ती सवय शेवाळापुरती ठेवून चालत नाही. काम कुणाचं, हे सांगतानाही तितकंच खरं बोलावं लागतं. आपल्या घरात, कचेरीत, प्रयोगशाळेत कुणाचे तरी नुसते आभार मानून आपण त्याचं नाव गाळलेलं नाही ना, हे प्रत्येकानं एकदा पाहावं. आणि गाळलं असेल, तर ते वर आणावं. त्यानं आपलं नाव लहान होत नाही.