कौसाबाईची खूण

तापीच्या पुरात भिलाचं घर बसलं आणि तो बायकोला घेऊन थोरल्या भावाच्या, मगनच्या घरी आला. तिथे त्याला पुरापेक्षा भयंकर काही असतं हे कळलं. त्याची धनुबाई आणि मोठी जाऊ कौसाबाई एकाच चुलीपाशी! भाजीत मीठ कोण घालणार यावरून रोज तंटा, आणि शेवटी दोघीही घालायच्या. ते खारट कालवण गिळताना भिला एकच धोशा लावायचा, आपली चूल वेगळी हवी.

पण नदीकाठी बांधायला सरकारची मनाई होती. सवलत मिळे ती एकाच अटीवर: पूर जिथवर चढला, तितकं उंच जोतं घालायचं. भिलाने अर्ज केला आणि मामलेदार घोड्यावरून जागा पाहायला आले.

"पाणी कुठवर चढलं होतं?"

साऱ्या गावाने कडुनिंबाकडे बोट दाखवलं. पूर आला की सवाशिणीने तापीची ओटी भरायची आणि पाणी टेकलं तिथे कुंकू लावायचं, ही गावाची रीत. भिलाचं घर बसलं त्या पुरात गाव टेकाडावर पळालं, तेव्हा ओटी कौसाबाईने भरली होती. कुंकू थेट फांदीपाशी होतं!

"तापीमाय आठलोंग उनी व्हती," कौसाबाई फांदीकडे बोट करून तोऱ्यात म्हणाली. "मी ओटी भरी, तवय मांगे सरकनी."

साहेबांनी मान वर करून पाहिलं. "मग जोतं तिथवर."

भिलाने फांदीपर्यंतचे दगड मनात मोजले. एवढं जोतं म्हणजे किल्ल्याचा बुरूजच! त्याला आठवलं, वहिनीबरोबर ओटीला गेलेला मगन कमरेपर्यंतच भिजून परतला होता. पण वहिनीला खोटं कसं पाडायचं? गावात तिचा मान होता तो त्या खुणेवर.

तेवढ्यात धनुबाई पदराआडून गोड आवाजात बोलली, "काही घाई नही, साहेब. जोतं हुई तोपावत आमी मोठी बाईना घरच ऱ्हासूत. दहा वरीस लागोत."

कौसाबाईचा चेहरा पांढरा पडला. दहा वर्षं! तिने मगनकडे पाहिलं. मगनने जमिनीकडे पाहिलं.

"साहेब," ती पुटपुटली, "मले पानीना धाक वाटे. मी... यासना खांदावर बशेल व्हतू. पानी यासना कंबरलोंगच व्हतं."

गाव असं हसलं की साहेबांचा घोडा बिथरला. कौसाबाईने तोंड पदरात लपवलं. साहेबांनी हसू दाबत मगनला कडुनिंबाला टेकून उभं केलं आणि त्याच्या कमरेपाशी खडूची रेघ ओढली.

तेवढं जोतं उन्हाळ्यातच झालं. भिलाला वहिनीची फार दया येई. पुरापासूनचा तोरा तिने त्याच्या चुलीपायी गावासमोर उतरवला होता. घरभरणीला पहिलं कुंकू कुणी लावायचं, असा प्रश्न आला तेव्हा धनुबाईने करंडा जावेच्या हातात दिला.

"मोठी बाई, तुम्हीच लावा."

कौसाबाईचे डोळे भरून आले. तिने चौकटीकडे पाहिलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि मगन कुणी न सांगताच तिच्यापुढे खाली बसला.