बुदैयाच्या फाटकापर्यंत गेलेली कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझी जात पाहिलीही नसेल. काळी प्लॅस्टिकची डबी, आत दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली फीत, एवढाच माझा संसार. जन्म जपानच्या कारखान्यात झाला आणि नशिबाने मला बहरीनला आणलं. तिथल्या अदलिया वस्तीत फारुखभाईंचं व्हिडिओचं दुकान होतं. तिथे ‘जुने इंग्रजी’ लिहिलेल्या फळीवर मी राहू लागले.

माझ्या फितीवर हॉलिवूडचा एक जुना कृष्णधवल सिनेमा होता. गिरणीमालकाची सतरा वर्षांची मुलगी आणि त्याच गिरणीतल्या फिटरचा मुलगा. तळ्याकाठी भेट, मग बापाचा थयथयाट, ताटातूट, चोरून धाडलेलं पत्र, आणि शेवटी भर मेजवानीत मुलगी त्याचा हात धरून म्हणते, “हाच तो.” की बाप विरघळलाच! एक तास चाळीस मिनिटांत श्रीमंताचं मन पालटतं, हे मी इतक्यांदा दाखवलं की मलाही ते खरं वाटू लागलं. फळीवरच्या माझ्या चार बहिणींच्या पोटातही थोड्याफार फरकाने हेच होतं.

सुरुवातीला मला उसंत नव्हती. पुढे रंगीत, मारधाडीचे सिनेमे आले आणि मी धूळ खात पडले.

मग १९९४ साली मैत्री आली. अकोल्याहून येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. तिचा बाप विनय एसी दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता. त्यांच्या दोन खोल्यांत टीव्हीवर बुद्धमूर्ती होती आणि खाली व्हीसीआर. तिच्याच अकरावीच्या वर्गात क्रेग होता. त्याचं घर वसईचं, वडील ग्रेगरी इथल्या मोठ्या हॉटेलात मॅनेजर, राहायला बुदैयाला बंगला. आळीपाळीने दोघं मला नेऊ लागले. वर्गात सगळ्यांसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून एकाने मला जिथे थांबवलं तो प्रसंग म्हणजे दुसऱ्याला निरोप. तो तळ्याकाठी थांबवायचा, ती पत्राच्या प्रसंगावर. “अरे बाबा, रिवाइंड करके लाओ!” म्हणून फारुखभाई कपाळावर हात मारायचे. मला मात्र म्हातारपणी पालवी फुटल्यासारखं झालं होतं.

एका बुधवारी दोघं दुकानात समोरासमोर आले. मैत्री हळूच म्हणाली, “शुक्रवारी ग्लेनिसच्या बड्डेला मी येऊ ना? तुझ्या मम्मीला सांगशील ना माझ्याबद्दल?”

ग्लेनिस ही क्रेगची धाकटी बहीण. क्रेग फळीकडे बघत म्हणाला, “इंशाल्ला, इंशाल्ला.”

मैत्रीचा चेहरा उजळला. मी मात्र हा शब्द ओळखून होते. गिऱ्हाईकाने न मिळणारा सिनेमा मागितला की फारुखभाई “इंशाल्ला, उद्या” म्हणायचे आणि तो उद्या कधी उगवायचा नाही. ‘देवाची इच्छा असेल तर’, असा तो देवाचा शब्द आहे, मित्रांनो, त्याला मी बोल लावत नाही. पण नाही म्हणायची हिंमत नसली की माणसं त्याच्याआड लपतात. इथे येऊन आठच महिने झालेल्या पोरीला हे कोण सांगणार?

योग असा की शुक्रवारी त्याच बंगल्यातला हॉलचा एसी बंद पडला आणि विनयची ड्युटी लागली. लेकीला बंगल्यातून आमंत्रण आहे, हे ऐकून त्याची छाती फुगली होती. पिकअपमधून उतरताना तो म्हणाला, “तू पुढच्या दारानं जा माय. मी मांगून जातो.” मी तिच्या पिशवीत होते. मला तिथल्या मोठ्या टीव्हीवर दोघांनी मिळून बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

फाटक क्रेगच्या आईने, फ्लोरीबाईंनी उघडलं. मागे पायरीवर क्रेग उभा होता, हातात फुगे घेऊन.

“क्रेग, कोण रे ही?”

मैत्री त्याच्याकडे बघून हसली. हा प्रसंग मला तोंडपाठ होता. आता तो पुढे येणार, हात धरणार.

“नो आयडिया, मॉम. एसीवाल्याबरोबर असेल.”

फ्लोरीबाई दुष्ट नव्हत्या हो. त्या मायेने म्हणाल्या, “मग उन्हात कशाला उभी, पोरी? मागून किचनच्या दारानं ये. केक खा.”

तोवर आत हॉलच्या उघड्या खिडकीशी विनय शिडीवर चढला होता. त्याने सगळं ऐकलं. खाली उतरून, हात पुसत दारात येऊन तो म्हणाला, “माझी मुलगी आहे, मॅडम. माझ्यासंगच आली.”

परतताना विनयने गाडी हमरस्त्याला घातली. मग त्याने विचारलं, “तुले त्यानं खरंच बलावलं होतं?”

“इंशाल्ला म्हणाला होता, बाबा.”

“अवं माय, इथं इंशाल्ला म्हणजे हो नाही राहत.” आणि रस्त्याकडे बघत असतानाच त्याचे डोळे भरून आले. मी पुष्कळ बाप रडताना दाखवले आहेत, पण असा एकही नाही.

दोन दिवसांनी मैत्रीने माझ्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. ती लावली की जुन्या चित्रावर नवं भरता येतं. काहीच लागत नसलेल्या चॅनेलवर टीव्ही ठेवून तिने रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. आधी तळं गेलं, मग पत्र, मग मेजवानी. एक तास चाळीस मिनिटं ती समोर बसून राहिली आणि आई जेवायला हाका मारत राहिली. माझ्यात आता नुसत्या पांढऱ्या मुंग्या उरल्या आहेत.

वर्ष संपताच विनयने तिला अकोल्याला पाठवून दिलं. जाण्याआधी ती मला दुकानात परत ठेवून गेली होती. तिथून क्रेगने मला एकदा नेलं. दुसऱ्याच दिवशी आणून टाकलं आणि म्हणाला, “खराब आहे. खलास.” फारुखभाईंनी मला खोक्यात फेकलं. मैत्री कुठे आहे, हे क्रेगने विचारलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, फेका, माझी तक्रार नाही. मी वस्तू आहे. पण कधी कुणी दारात उभं राहील, तुमच्याकडे बघून हसेल आणि घरातलं माणूस विचारेल, “कोण आहे?” तेव्हा फक्त नाव सांगा. तेवढंच पुरे असतं.