दुसऱ्या कडव्यातली खंजिरी

"बाबा, तुमचं ते गाणं लॉसलेस मिळालंय. म्हणजे स्टुडिओत जे वाजलं ते सगळं यात आहे, कणभरही गळालेलं नाही," खंजिरीकाकांच्या कानांवर हेडफोन बसवत जावई म्हणाला. "मी अजून ऐकलं नाहीये हं. म्हटलं, पहिला मान तुमचा."

"आधी चहा तरी घेऊ द्या त्यांना," काकू म्हणाल्या. पण चहा कसला घेतायत! सकाळपासून काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

छापखान्यात त्यांनी जन्मभर पुस्तकं बांधली, पण बाइंडर म्हणून त्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. त्यांची सगळी ऐट एका गाण्यावर उभी होती. गावाकडच्या चालींना गिटारचा दणका देत स्वतःचीच गाणी गाणारा एक गायक होता. त्याच्या पहिल्या अल्बममध्ये काकांनी तरुणपणी खंजिरी वाजवली होती. एकच गाणं, तेही दुसऱ्या कडव्यापासून. पुढे गायक मोठा झाला आणि काका बाइंडिंगला चिकटले. कॅसेटवर त्यांचं नाव नव्हतं, पण कान देऊन ऐकलं की खरखरीच्या मागून छुनछुन यायची. घरी येईल त्याला ते ती ऐकवत. "आता बघ हं... ही! आली?" लोक माना डोलवत. लोकांचं काय जातंय! काकूंनी तर लग्न ठरतानाच ऐकली होती. "हो की, येतेय ऐकू," म्हणाल्या होत्या, आणि तेवढ्यावर काका पाघळले होते.

गाणं सुरू झालं. बापरे! गायक जणू शेजारीच बसला होता. त्याने घेतलेला श्वास, तारेवरून घसरलेलं बोट, कुणाची तरी खुर्ची करकरली तीसुद्धा ऐकू आली. काकांचे डोळे भरून आले. दुसरं कडवं आलं तसा त्यांचा अंगठा सवयीने गुडघ्यावर पडला.

गिटार होती. ड्रम होता. खंजिरी नव्हती.

त्यांनी गाणं मागे न्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. करकरणारी खुर्चीसुद्धा ठेवली होती लेकाच्यांनी, आणि खंजिरी तेवढी तेव्हाच काढून टाकली होती! इतकी वर्षं जिला ते आपली खंजिरी म्हणत आले, ती निव्वळ कॅसेटची खरखर होती.

"आली ना बाबा ऐकू?"

काकांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले. थोडा वेळ ऐकलं, आणि हसल्या.

"अगंबाई, किती स्वच्छ येतेय! कॅसेटवर इतकी छान कधीच आली नव्हती."

काका बघतच राहिले. म्हणजे लग्न ठरतानाही हिला काही ऐकू आलं नव्हतं. ही जन्मभर आपलं मन राखत आली, आणि आपण ते खरं धरून बसलो. रागवायचं तरी कसं? ती बिचारी अजून त्यांच्या तोंडाकडेच बघत होती, खूश झाले का ते.

मग जावयाने ऐकलं, डोळे मिटून, शेवटपर्यंत. हेडफोन काढून त्याने आधी सासूकडे पाहिलं, मग काकांकडे.

"वा, बाबा! काय वाजवलीये!"

"हं," काका म्हणाले.

तेवढ्यात जिन्यातून शेजाऱ्याची हाक आली, "काय खंजिरीकाका, ऐकलं का गाणं?"

दुसऱ्या कुठल्या नावाने काकांना कुणी हाक मारतच नव्हतं. त्यांनी ओ दिली.