मास्तरांच्या शेजारची जागा

“थांबव रे, थांबव तो!” सिस्टर ओरडल्या. पण ट्रॅक्टरच्या धडधडाटात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. हातातला विळा उंच धरून त्या नांगरटीत उतरल्या, तेव्हा कुठे ट्रॅक्टरवाल्याने मान वळवली आणि इंजिन बंद केलं.

“सिस्टर, अंगावर आला असता ना!” खाली उडी मारत तो म्हणाला.

“आलाच आहेस. बघ मागे.”

नांगराचं शेवटचं तास मास्तरांच्या थडग्यापासून जेमतेम हातभर अंतरावरून गेलं होतं. गेल्या वर्षी ते पाच हातांवर होतं.

सिस्टरांनी गावच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. गावातले निम्मे दंड त्यांच्या सुईने टोचलेले. त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, शाळेत भूमिती शिकवायचे. एके काळी गावात ज्यूंची चाळीस घरं होती. कुणी शहरात गेलं, कुणी परदेशी, आणि उरलेले एकेक करून टेकडीच्या पायथ्याशी या दफनभूमीत आले. मास्तर सर्वांत शेवटी. आता समाजाच्या अशा सिस्टर एकट्याच.

दफनभूमीची भिंत आधी एका कोपऱ्यात खचली, मग तिचे दगड कुणाच्या गोठ्यात गेले, कुणाच्या पायरीला लागले. फाटक भंगारात गेलं. हिब्रू अक्षरं कोरलेला एक दगड सिस्टरांना विहिरीवर दिसला. त्यावर एक बाई धुणं आपटत होती. तिला काय बोलणार? तिला मराठी अक्षरंही वाचता येत नव्हती. दर रविवारी सिस्टर विळा घेऊन यायच्या आणि गवत कापायच्या. या टोकाकडून त्या टोकाला पोचेपर्यंत मागे पुन्हा गुडघाभर वाढलेलं असायचं.

मास्तरांच्या डावीकडची जागा सिस्टरांची. मास्तरांनी जिवंतपणीच ती आखून ठेवली होती. “भूमितीच्या माणसाचं काम आहे,” ते म्हणाले होते, “सूतभर इकडेतिकडे व्हायचं नाही.”

“ही माझी जागा आहे,” सिस्टर आता म्हणाल्या.

ट्रॅक्टरवाल्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

“भिंत नाही, कुंपण नाही. तुमचं कुठवर ते मला कसं कळायचं? मोजणी आणा, सिस्टर. मग मी चकार शब्द काढणार नाही.”

“तुझ्या वडिलांना बरं मोजणीशिवाय कळत होतं.”

“वडिलांच्या वेळी जमिनीचे दोन वाटे झाले नव्हते,” तो खाली बघत म्हणाला आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर कचेरीत गेल्या. कारकुनाने खुर्ची दिली, आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी औषध विचारून घेतलं आणि मग नकाशा उघडला.

“इथं तर ‘पडीक’ लिहिलंय.”

“एकशे चौदा माणसं आहेत तिथं.”

“असतील हो. पण मोजणीचा अर्ज जागेच्या पंचांनी करायचा असतो. पाच सह्या लागतात.”

“पाचातले चार तिथंच पुरलेत, बाबा. त्यांची सही कशी आणू?”

कारकुनाला हसू आलं आणि लगेच त्याने ते गिळलं. “आणि पाचवे?”

“पाचवी मी.”

“एका सहीवर नाही होत, सिस्टर. तुमच्यासाठी केलं असतं, खरंच. पण कॉम्प्युटर पुढे जातच नाही.” त्याने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. पाच चौकोन होते. चार रिकामे राहिले तर खालचं बटण दाबलंच जात नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी परदेशातल्या मुलाला फोन लावला.

“आई, मी इथून काय करू सांग? तू इकडेच ये ना. इथली दफनभूमी बघशील तर बागेसारखी आहे. रोज माणसं येतात निगा राखायला.”

“तुझे बाबा आहेत का तिथं?”

मग सिस्टरांनी नातवंडांच्या परीक्षेचं विचारलं आणि फोन ठेवला.

रविवारी त्या आल्या तेव्हा पलीकडे पेरणी उरकली होती. शेजारच्या तुकड्यात ट्रॅक्टरवाल्याची बायको वाकून खडे वेचत होती. सिस्टरांनी मास्तरांच्या दगडावरची माती पदराने पुसली, भोवतीचं गवत काढलं. मग विळा बाजूला ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि थडगं आणि नांगराचं तास यांच्यामधल्या पट्टीत त्या हळूच आडव्या झाल्या.

उताणं झोपून जमेना. डावा खांदा नांगरटीत उतरत होता. त्या मास्तरांच्या दगडाकडे तोंड करून वळल्या, गुडघे जवळ घेतले.

“अगं बाई! सिस्टर!” खडे टाकून ती बायको धावत आली. “काय झालं? चक्कर आली का?”

“नाही गं. माप घेतेय.”

त्या बाईने एकदा थडग्याकडे पाहिलं, एकदा आपल्या शेताकडे. तिला सगळं कळलं. तिने हात दिला आणि सिस्टरांना उठवून बसवलं.

“कुशीवर मावते मी,” सिस्टर म्हणाल्या.

बाई त्यांच्या मागे बसून पाठीची माती झटकू लागली. माती केव्हाच गेली होती, तरी ती झटकतच राहिली.