चारशे ग्रॅमचं पिस्तूल

“हे पिस्तूल नाही बाई, हा पिस्तुलाचा फोटो आहे,” बाबा म्हणाले आणि टेबलावरचे सातही फोटो गोळा करून त्यांनी बाईंच्या हातात परत दिले. “फोटोवरून माणूससुद्धा धड ओळखू येत नाही. हे तुम्ही घेऊन जा. मला आठवतंय तेवढं पुरे आहे.”

चित्रपट संग्रहालयाच्या बाई गोंधळल्या. चाळीस वर्षांपूर्वी एका दरोडेखोराच्या गोष्टीवरचा चित्रपट अफाट गाजला होता. त्याचं त्यांच्याकडे प्रदर्शन भरणार होतं. नायकाच्या हातातलं जुन्या घाटाचं, चकमकीच्या दगडानं बार उडवायचं पिस्तूल गोदामाच्या आगीत गेलं होतं आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या होत्या.

“काका, चाळीस वर्षं झाली. आठवेल सगळं?”

“मीच तर केलं होतं. शूटिंगच्या आदल्या दिवशी चापावरच्या घोड्याचा स्क्रू हरवला, म्हणून कपाटाच्या बिजागरीचा काढून बसवला. बघा, फोटोत दिसतोय का.”

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग भिंग मागितलं. मग म्हणाल्या, “दिसतोय.”

“मग झालं तर.”

बाबांना सगळा स्टुडिओ नकल्या म्हणायचा. खोट्या तलवारी, खोटे मुकुट, एकदा तर एक खोटं प्रेत, तेही इतकं बेमालूम की पहारेकरी नोकरी सोडून गेला. या नावाचा बाबांना कधी राग आला नाही. “खऱ्याला काय कसब लागतं? ते नुसतं असतं,” असं म्हणायचे. मी दंतवैद्यांना कवळ्या करून देते. आमच्या घरात खरं असं काही तयारच होत नाही, असं आई हयात असताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ असायची.

बाबा दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. वय त्र्याहत्तर, पण पटाशी हातात आली की हात अजूनही तिशीतला. अक्रोडाचं लाकूड त्यांनी तीन दुकानं हिंडून आणलं. नळी लाकडाचीच, वर पितळेचा पातळ पत्रा. तोंडाशी बोटाचं एक पेर जाईल एवढीच पोकळ, पुढे भरीव. चाप ओढला की घोडा टक्‌ करून पडायचा, त्याहून जास्त काही त्याच्याकडून होणार नव्हतं. दस्त्यावरची वेलबुट्टी मी माझ्या मेणात कोरली आणि साच्यातून काढली. बाबांनी ती नखानं तपासली.

“तिसरं पान फार शहाणं झालंय. तेव्हा माझा हात घसरला होता तिथे. बिघडव.”

मी बिघडवलं. चांगलं काम बिघडवायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी कळलं.

बाईंकडे एक जुनी नोंदवही होती. तीत पिस्तुलाचं वजन लिहिलेलं होतं : एक किलो तीनशे ग्रॅम. हलकं पिस्तूल धरलं की नट खेळणं धरल्यासारखा दिसतो, असा तेव्हाच्या दिग्दर्शकाचा हट्ट होता, म्हणून बाबांनी दस्त्यात शिसं ओतलं होतं. आताही तेच करायचं होतं. त्याआधी नायकाच्या मुठीचं माप घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. प्रदर्शनाचं उद्घाटन तोच करणार होता.

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. आवाज तोच, पडदा हलवणारा. उजवा हात मात्र मांडीवर, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

“नकल्या! अजून आहेस?”

“तुमच्याआधी कसा जाईन साहेब? पायरी सोडून वागत नाही मी.”

दोघंही खळखळून हसले. मग बाबांनी माझ्याकडचा मऊ मेणाचा गोळा त्याच्या उजव्या हातात दिला. “आवळा, तेव्हासारखा.”

त्यानं आवळला. कपाळावरची शीर फुगली. गोळा परत आला तेव्हा त्यावर अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा ठसा होता. बाकीच्या बोटांनी मेणाला नुसता स्पर्श केला होता.

“शेवटच्या दृश्यात उचलतो तसंच उचलणार आहे मी, सगळ्यांसमोर,” तो म्हणाला. “उजव्या हातानं. दुसरा हात लावायचा नाही.”

“उचलाच,” बाबा म्हणाले.

रस्त्यात बाबांनी तो गोळा तळहातावर दोनतीनदा तोलला. मी विचारलं, “किती पेलेल त्यांना?”

“चारशे. त्यावर एक ग्रॅम नाही.”

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या चपापल्याच. “काका, हुबेहूब ठरलंय आपलं. उद्या कुणी वजन केलं तर मान माझी जाईल.”

“आणि परवा भर सभेत त्यांच्या हातातून पडलं, तर कुणाची जाईल?”

बाबांनी दस्ता उलटा करून दाखवला. तळाचं पितळी टोपण फिरवलं की निघत होतं, आत विहिरीसारखी पोकळी. शिशाचा गट्टू त्यांनी वेगळाच ओतून ठेवला होता.

“उद्घाटन झालं की हा आत. मग खुशाल तराजू आणा.”

बाई हसल्या. “हे तुम्ही मला आधीच सांगू शकला असतात.”

“तुम्ही काय म्हणता, ते बघायचं होतं.”

उद्घाटनाच्या सकाळी मंचामागच्या खोलीत बाबांनी पिस्तूल नायकाच्या हातात ठेवलं. त्यानं डोळे मिटले. अंगठा वेलबुट्टीवरून फिरला, तिसऱ्या पानाशी क्षणभर थांबला. मग डोळे उघडून तो खालच्या आवाजात म्हणाला, “पोट रिकामं आहे याचं.”

खोलीत आम्ही चौघंच होतो. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

“भर,” तो म्हणाला. “माझी कीव करायला बोलावलेलं नाही तुला.”

“कीव कशाची साहेब? घोड्यावरून पडायच्या शॉटला हलकंच पिस्तूल द्यायचो तुम्हाला. तेव्हा कधी विचारलंत?”

“तेव्हा लोकांना कळत नव्हतं.”

“आत्ता तरी कुठे कळतंय? माझं काम मी केलंय. चारशे ग्रॅम. उरलेले नऊशे तुमच्याकडे.”

मला वाटलं, आता पिस्तूल फेकतो. पण त्यानं नुसती कोटाची बाही सारखी केली आणि म्हणाला, “चल.”

सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी पिस्तूल आधीच नेऊन मंचाच्या मधोमध निळ्या मखमलीवर ठेवलं होतं. तो एकटा चालत गेला. हात पुढे केला, बोटं दस्त्याभोवती आली. आधी मनगट ताठ झालं, मग खांदा जरासा खाली गेला, जड वस्तू उचलताना माणसाचा जातो तसा. पाय किंचित फाकले. पिस्तूल मखमलीवरून सुटताना त्यानं दातांवर दात दाबले, आणि मग ते वर जायला लागलं, सावकाश, एखादी तोफ वर चढावी तसं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

माझ्या शेजारी बाईंनी बाबांचा दंड घट्ट धरला. “काका, शिसं आत नाही ना घातलंत? नक्की नाही ना?”

बाबांनी घाईघाईनं खिसा चाचपला. गट्टू बाहेर काढून बघितला, आणि मगच श्वास सोडला.

पिस्तूल डोक्याच्या वर गेलं आणि तिथे थांबलं. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. लोक उभे राहिले. बाबा मात्र टाळ्या वाजवत नव्हते. एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं, तसे मान तिरपी करून बघत होते.

सगळं आटोपल्यावर नायक मागच्या खोलीत आला. घामानं निथळत होता. उजवा हात कोटाच्या खिशात गेलेला. बाबांसमोर तो उभा राहिला आणि त्यानं डावा हात पुढे केला.

बाबांचा उजवा हात अर्ध्यावर आला होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि डावा पुढे केला.